झुंजीच्या खेळांचीं शुद्धिपत्रें

जुन्या मराठी ग्रंथाच्या अखेरीस बहुधा एक शुद्धिपत्र असे. अमुक पृष्ठ, तमुक ओळ, अशुद्ध काय आणि शुद्ध काय, अशी ती यादी ग्रंथकर्ता मोठ्या विनयानें छापीत असे, आणि वाचकानें टाक घेऊन त्या त्या ठिकाणीं आपल्या हातानें दुरुस्ती करावी अशी त्याची अपेक्षा असे. बहुतेक वाचक ती करीत नसत. ग्रंथ खपला तर कांहीं वर्षांनीं 'सुधारून वाढविलेली' दुसरी आवृत्ति निघे. पण ज्याच्या फडताळांत पहिली असे, त्याच्याजवळ ती जशीच्या तशी राही. शुद्धिपत्र, पुरवणी आणि नवी आवृत्ति या तिन्ही वस्तूंशीं आपला परिचय इतका जुना आहे कीं, त्यांच्याविषयीं वेगळा विचार करण्याचें कोणास कारण पडत नाहीं. मला तें पडलें तें एका भलत्याच क्षेत्रामुळें.

मध्यंतरीं एका सकाळीं माझ्या वर्गांतील एक विद्यार्थी उतरलेल्या चेहऱ्यानें आला. विचारलें तेव्हां म्हणाला, "सर, तीन महिने घोटलेला डाव रात्रींत काढून घेतला." कोल्हापुरांत डाव हा शब्द कानीं पडला कीं मन प्रथम तालमीकडे जातें. कोणा वस्तादाची याच्यावर गैरमर्जी झाली असावी अशी माझी समजूत झाली. चौकशीअंतीं कळलें कीं, या मुलानें जन्मांत लंगोट कसलेला नाहीं. त्याची कुस्ती टीव्हीच्या पडद्यावर चालते. मुलें ज्यांना फायटिंग गेम म्हणतात त्या व्हिडिओ खेळांपैकीं एकांत त्याच्या आवडत्या योद्ध्याचा एक ठोसा कंपनीनें रातोरात मंद केला होता. किती मंद? सेकंदाच्या साठाव्या भागानें. मला हसूं आलें, आणि लगेच तें आवरावें लागलें. कारण त्या साठाव्या भागावर त्याचें तीन महिन्यांचें शिक्षण उभें होतें.

हे खेळ ज्यांनीं पाहिले नसतील त्यांच्यासाठीं थोडें सांगितलें पाहिजे. पडद्यावर दोन योद्धे समोरासमोर उभे असतात. प्रत्येकाच्या उरलेल्या बळाची एक पट्टी वर दिसत असते. दोन माणसें दांडी आणि बटणें यांच्या साहाय्यानें त्यांना लढवितात. चित्र सेकंदाला साठ वेळां बदलतें आणि त्या प्रत्येक चित्रास फ्रेम म्हणतात. कोणता ठोसा कितव्या फ्रेमीस लागू होतो, तो चुकला तर मारणारा किती फ्रेमा उघडा पडतो, हें सर्व आकड्यांनीं बांधलेलें असतें, आणि जाणते खेळाडू तीं कोष्टकें पाढ्यांप्रमाणें पाठ करतात. खेळ बाजारांत आल्यानंतर कंपनी हे आकडे बदलते, त्यास अपडेट किंवा पॅच म्हणतात. पॅच म्हणजे शब्दशः ठिगळ. नवे योद्धे, नवे पोशाख, नवीं मैदानें मागाहून इंटरनेटवरून विकलीं जातात, त्यांस डीएलसी असें त्रोटक नांव आहे. म्हणजे एक शुद्धिपत्र झालें आणि दुसरी पुरवणी. फरक इतकाच कीं, हें शुद्धिपत्र वाचकानें उतरून घ्यावयाचें नसतें. तें आपण होऊन पुस्तकांत शिरतें आणि जुनी ओळ पुसून टाकतें.

या खेळांचा इतिहास १९९१ पासून सांगण्याची रीत आहे, आणि ती योग्य आहे. जपानांतील कॅपकॉम कंपनीनें १९८७ सालीं 'स्ट्रीट फायटर' नांवाचें एक यंत्र काढलें होतें. परंतु जगानें दखल घेतली ती १९९१ च्या 'स्ट्रीट फायटर २' ची. नाणें टाकून खेळावयाचें हें यंत्र. त्यांत निवडण्यास आठ योद्धे होते, आणि त्यांच्यापुढें चार प्रतिस्पर्धी असे कीं, ज्यांच्याशीं लढतां येई पण ज्यांना लढवितां येत नसे. आठांपैकीं एक भारतीय होता. धालसिम हें त्याचें नांव. तो योगी आहे, त्याचे हातपाय रबराप्रमाणें लांबतात, तोंडांतून अग्नि निघतो आणि गळ्यांत कवट्यांची माळ आहे. योगसूत्रकारांनीं ही सिद्धि कोणत्या पादांत घातली असती याचा विचार मीं सोडून दिला आहे.

या पहिल्या आवृत्तींत चुका होत्या आणि त्यांपैकीं एका चुकीनें इतिहास घडविला. दोन लढतींच्या मध्यें मोटार फोडण्याचा एक पोटखेळ होता. त्याची तपासणी चालू असतां निर्मात्यांपैकीं नोरिताका फुनामिझु यांच्या असें लक्षांत आलें कीं, एक तडाखा पुरा होण्यापूर्वीं नेमक्या क्षणीं बटण दाबलें तर दुसरा तडाखा त्याला जोडून देतां येतो, आणि मधल्या काळांत समोरच्यास सुटका नाहीं. असें व्हावें हा कोणाचाही हेतु नव्हता. पण हा प्रकार साधण्यास इतका कठीण दिसला कीं, तो काढण्याऐवजीं एक गुप्त गंमत म्हणून तसाच राहूं दिला गेला. पुढें यासच 'कॉम्बो' म्हणूं लागले, आणि आज कॉम्बो नसलेला झुंजीचा खेळ विरळाच. दुसऱ्या कांहीं चुका इतक्या सुदैवी नव्हत्या. गाइल नांवाच्या योद्ध्याला विवक्षित तऱ्हेनें हालविलें असतां समोरचा योद्धा त्याला चिकटून राही. एका प्रकारानें तर सबंध यंत्रच बंद पडून पुन्हा सुरू होई. हें सुधारण्याचा उपाय नव्हता. खेळ चिपांमध्यें कोरलेला. चिपा जगभर पसरलेल्या. चूक झाली ती झाली, आणि खेळणाऱ्यांनीं आपापसांत ठरवून ती टाळावी एवढेंच उरे. ही आपापसांतली ठराविक समज हा त्या काळचा खरा पॅच होय.

१९९२ च्या 'चँपियन एडिशन' मध्यें त्या चार प्रतिस्पर्ध्यांना निवडण्याची सोय झाली आणि दोन्ही बाजूंस एकच योद्धा घेतां येऊं लागला. पण त्याच वर्षीं एक चमत्कारिक गोष्ट घडली. 'रेनबो एडिशन' या नांवानें ओळखली जाणारी एक चोरटी आवृत्ति पसरली. कोणीं तरी चँपियन एडिशनच्या चिपांत हात घालून खेळ बेसुमार वेगवान केला होता. योद्धे हवेंत असतांना अग्निगोळे टाकीत, आणि लढत चालू असतां एका योद्ध्याचा दुसरा होई. आपल्या पोथ्यांच्या भाषेंत बोलावयाचें तर हा क्षेपक. ज्ञानेश्वरीची पोथी तीनशें वर्षांत अशीच अशुद्ध झाली होती म्हणून एकनाथांना शके १५०६ मध्यें तिचें शुद्धीकरण करावें लागलें, हें वाचकांस ठाऊकच आहे. येथें मात्र उलट झालें. क्षेपक लोकांना आवडला. मूळ आवृत्ति त्यापुढें मंद वाटूं लागली, आणि कॅपकॉमला १९९२ च्या डिसेंबरांत 'हायपर फायटिंग' ही अधिक वेगवान अधिकृत आवृत्ति काढावी लागली. ती यंत्रांतील चिपा बदलूनही बसवितां येत असे.

माझ्या विद्यार्थिदशेच्या अखेरीस हीं यंत्रें आपल्याकडील शहरांतल्या पार्लरांत येऊन पोहोंचलीं होतीं. एका पार्लरांत जो अग्निगोळा जमिनीवरूनच टाकतां येई तो दुसऱ्यांत हवेंतूनही टाकतां येतो, यावरून आम्हां मित्रांत मोठा वाद झाल्याचें स्मरतें. दोघेही प्रत्यक्ष पाहिलेलें सांगत होते आणि दोघेही एकमेकांस खोटें ठरवीत होते. दुसरें यंत्र क्षेपकाचें होतें, हें मला पुढें तीस वर्षांनीं कळलें. तोंवर ज्याच्याशीं भांडलों तो मित्र परदेशीं स्थायिक झाला होता.

पुढें १९९३ सालीं 'सुपर स्ट्रीट फायटर २' आला आणि त्यांत चार नवे योद्धे आले. १९९४ सालीं 'सुपर टर्बो' आला. दर वेळीं यंत्रवाल्याला नवा खर्च, आणि घरच्या संचावर खेळणाऱ्या मुलाच्या बापाला पुन्हा पुऱ्या किंमतीची नवी कॅसेट. कॅपकॉमला तीन हा आकडाच येत नाहीं अशी थट्टा तेव्हां रूढ होती. 'स्ट्रीट फायटर ३' निघण्यास १९९७ उजाडलें. तथापि सुपर टर्बोमध्यें एक अशी योजना होती कीं, तिचा उल्लेख टाळणें मला अशक्य आहे. कांहीं बटणांची गुप्त ओळ दाबली असतां योद्धा आपल्या मागच्या आवृत्तींतील जुन्या स्वरूपांत निवडतां येई. नवा सगॅट नको असेल त्यानें जुना सगॅट घ्यावा आणि समोरच्यानें नवा रियू घेऊन त्याच्याशीं लढावें. एकाच बांधणींत दोन आवृत्त्या! जुना सगॅट इतका प्रबळ ठरला कीं, जपानांतील खेळाडू सभ्यपणें त्याला टाळूं लागले. पण तो काढून टाकला गेला नाहीं. आजही त्या यंत्रावर तो आहे.

इंटरनेट घरोघर आल्यावर या व्यवहाराचें स्वरूप पालटलें. 'स्ट्रीट फायटर ४' २००८ सालीं पार्लरांत व २००९ मध्यें घरीं आला. २०१० मध्यें त्याची वाढविलेली आवृत्ति वेगळी तबकडी म्हणून विकली गेली, म्हणजे जुनीच चाल. त्यापुढील 'आर्केड एडिशन' २०११ सालीं ज्याच्याजवळ आधींची तबकडी होती त्याला थोड्या पैशांत इंटरनेटवरून उतरवून घेतां आली. तींत युन आणि यांग हे दोन भाऊ इतके बलवान् निघाले कीं, तक्रारींचा पाऊस पडला. लगेच '२०१२' ची दुरुस्ती निघाली आणि ती फुकट मिळाली. येथपर्यंत ग्राहकाचा फायदाच झाला असें मी म्हणेन. दर वर्षीं पुरें पुस्तक विकत घेण्यापेक्षां पुरवणी विकत घेणें आणि शुद्धिपत्र फुकट मिळणें केव्हांही बरें.

पण पुरवणी म्हणजे नेमकें काय, हा प्रश्न त्याच २०१२ सालीं उभा राहिला. मार्च महिन्यांत कॅपकॉमनें 'स्ट्रीट फायटर × टेकन' हा खेळ विकला. कांहीं उपद्व्यापी ग्राहकांनीं तबकडी उकलून पाहिली, तेव्हां असें आढळलें कीं, मागाहून विकावयाचे बारा योद्धे तबकडीवर अगोदरच कोरलेले आहेत. जुलैअखेर २० डॉलर घेऊन कंपनीनें जें दिलें ती पुरवणी नव्हती, कुलपाची किल्ली होती. तक्रार अमेरिकेंतील व्यापारी नीतीच्या एका संस्थेपर्यंत गेली. तबकडीवर आधींच असलेला भाग आणि मागाहून उतरवून घेतलेला भाग यांत आम्हांस वास्तविक भेद दिसत नाहीं, असें कंपनीचें उत्तर होतें. उत्तर तर्कानें अगदींच पोकळ नाहीं. मनुष्य पैसे मोजतो ते वापरण्याबद्दल, प्लास्टिकवर काय कोरलें आहे त्याबद्दल नव्हे. पण पुस्तकाचीं शेवटचीं पन्नास पानें शिवून बंद केलेलीं आहेत आणि दोरा कापण्यास वेगळे पैसे पडतील, असें एखाद्या मराठी प्रकाशकानें सांगितलें तर त्याच्या दुकानापुढें काय होईल हें आपण जाणतों. कंपनीलाही तें उमगलें असावें, कारण या धोरणाचा फेरविचार करूं असें तिनें पुढें जाहीर केलें.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. एक योद्धा घडविण्यास काय लागतें, याचा हिशेब ग्राहकापुढें सहसा येत नाहीं. तो २०१३ सालीं आला. 'स्कलगर्ल्स' या २०१२ च्या खेळाच्या छोट्या निर्मात्यांनीं लोकवर्गणी मागितली आणि एका नव्या योद्ध्यासाठीं १,५०,००० डॉलर लागतील असें खर्चाच्या फोडीसह सांगितलें. चित्रकारांचे, आवाज देणाऱ्यांचे, तपासणाऱ्यांचे पगार त्यांत होते. आंकडा पाहून पुष्कळांनीं डोळे विस्फारले. जाणत्यांनीं सांगितलें कीं हा स्वस्तच आहे. वर्गणी आठ लाख डॉलरांवर गेली. म्हणजे सरळ सांगितलें तर लोक देतात. मला तरी या एका प्रसंगांत ग्राहक आणि कारागीर यांमधलें नातें आपल्या जुन्या वर्गणीदारांच्या ग्रंथमालांसारखें वाटलें.

'स्ट्रीट फायटर ५' (२०१६) पासून मात्र खेळ पुरा करून विकण्याची कल्पनाच मागें पडली. तो आला तेव्हां सोळा योद्धे होते, आणि एकट्यानें क्रमानें लढत जाण्याचा जो प्रकार या जातीच्या खेळांत पहिल्या दिवसापासून असे तोच नव्हता. तो २०१८ च्या जानेवारींत मागाहून आला. योद्धे एकेक करीत २०२१ पर्यंत येत राहिले. हप्त्यांनीं येणारी कादंबरी आपणांस नवी नाहीं. पण हप्त्याच्या कादंबरींत दहाव्या प्रकरणाबरोबर दुसरें प्रकरण बदलून येत नसे. येथें तें येतें. नवा योद्धा आला कीं जुन्यांचे आकडे हालतात, आणि पैसे देऊन घ्यावयाचा नवा योद्धा जर सर्वांहून बलवान् असेल तर न घेणाऱ्याची पंचाईत होते. याचें उदाहरण 'टेकन ७' मध्यें घडलें. २०१९ च्या डिसेंबरांत लेरॉय स्मिथ नांवाचा योद्धा विक्रीस आला. पुढच्याच महिन्यांत जपानांत झालेल्या 'इव्हो जपान' स्पर्धेंत अखेरच्या आठ खेळाडूंपैकीं सहाजणांनीं तोच घेतला होता, आणि जिंकणाराही त्यांतलाच. मग शुद्धिपत्र निघून लेरॉयचें बळ कमी झालें. ज्यांनीं तो बलवान् म्हणून घेतला त्यांना वाटलें आपण फसलों. ज्यांनीं घेतला नव्हता त्यांना वाटलें एवढे दिवस आपण फसत होतों. 'टेकन ८' च्या बाबतींत २०२५ च्या एप्रिलांत याहून मोठें वादळ झालें. नव्या हंगामाच्या दुरुस्तीनें बचावाचा खेळ निकामी झाला अशी ओरड जगभर झाली आणि निर्मात्यांना चूक कबूल करून घाईघाईनें दुसरी दुरुस्ती काढावी लागली.

एवढें वाचून एखादा जुना कोल्हापूरकर म्हणेल कीं, यांत नवें तें काय? आमच्या पैलवानांच्या वांट्यास हें केव्हांच आलें आहे. त्याचें म्हणणें खरें आहे.

शाहू महाराजांनीं १९०२ च्या विलायतच्या प्रवासांत रोम येथील प्राचीन प्रेक्षागार पाहिलें आणि त्या धर्तीवर खासबागेचें मैदान उभें केलें. १९१२ सालीं तें पुरें झालें. त्या हौद्यांत तेल, ताक, हळद घालून मळलेल्या मातीवर जी कुस्ती होई तिला घड्याळ नव्हतें आणि गुण नव्हते. पाठ लागली कीं निकाल. नाहीं लागली तर झुंज चालूच, किंवा पंचांनीं बरोबरींत सोडविली. अनवाणी पाय, अंगावर लंगोट, आणि त्या लंगोटास हात घालून उचलणें हा शिष्टसंमत डाव. हा खेळ अगदीं निर्दोष होता असें समजण्याचें कारण नाहीं. तासचे तास चाललेल्या निकालशून्य कुस्त्या, पंचांवरचे संशय आणि त्यांतून उठलेल्या दंगली यांच्या हकीकती म्हातारी मंडळी अजून चवीनें सांगतात. परंतु जो जो डाव गुरूनें शिकविला तो तो शिष्याच्या आयुष्यभर टिकत असे. बडोद्याहून १९३६ पासून निघालेल्या मुजुमदारांच्या 'व्यायामज्ञानकोशा' सारख्या ग्रंथांत कुस्तीविषयीं जें लिहून ठेवलें आहे तें हौद्यांत उतरणाऱ्याला आजही उपयोगी पडेल.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव राजाराम कॉलेजांत शिकत असतां १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला गेले, तेव्हां त्यांच्या पायांखालीं माती नव्हती, गादी होती. आपल्याकडे मॅटला गादी म्हणतात तें किती समर्पक आहे! मऊपणाबरोबर तींत सत्तेचाही अर्थ आहे. गादीचें नियमपुस्तक निराळें होतें. पोशाख धरला तर दोष. पाठ लागली नाहीं तरी ती नुसती गादीकडे वळली तर समोरच्यास लाभ. ठराविक मिनिटें संपलीं कीं पंच निकाल देणार. माती आणि गादी हे दोन खेळ नव्हेत, एकाच खेळाच्या दोन आवृत्त्या आहेत. पण मातींतला पैलवान गादीवर गेला म्हणजे त्याचे निम्मे डाव रात्रींत काढून घेतलेले असत. अमेरिकन कुस्तीगीर रीस गार्डनर यांच्याकडून तेथें जेवढें शिकतां आलें तेवढें शिकून खाशाबा सहावे आले. १९५२ च्या हेलसिंकीसाठीं पैसे जमेनात, तेव्हां राजाराम कॉलेजचे प्रिन्सिपॉल खर्डीकर यांनीं आपलें राहतें घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, ही हकीकत कोल्हापुरांत सर्वश्रुत आहे. बँटम वजनांत खाशाबांनीं कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या दिवशीं जपानच्या शोहाचि इशीशीं दीर्घ लढत देऊन हरल्यावर त्यांना जवळजवळ लागलीच सोव्हिएत मल्लापुढें उभें करण्यांत आलें. दोन लढतींत अर्ध्या तासाची विश्रांति द्यावी असा नियम होता, पण तो दाखवून देण्यास त्यांच्या बाजूनें तेथें कोणी अधिकारी नव्हता असें सांगतात. हें खरें असेल तर त्यांना हरविण्यास एका मल्लाबरोबर एका न वाचलेल्या पानाचाही हात लागला.

गादीचें नियमपुस्तकही स्थिर राहिलें नाहीं. आंतरराष्ट्रीय कुस्ती महासंघानें २००५ च्या सुमारास लढतीचे दोन दोन मिनिटांचे तीन भाग पाडले, ज्याचे दोन भाग तो विजयी. आणि भाग बरोबरींत सुटला तर पिशवींतून रंगीत चेंडू काढून, ज्याच्या रंगाचा निघेल त्याला समोरच्याचा पाय धरून आरंभ करण्याची मुभा. जन्मभराची मेहनत आणि अखेर सोडतीचा चेंडू! प्रेक्षकांना कांहीं कळेना. १२ फेब्रुवारी २०१३ रोजीं ऑलिंपिक समितीच्या कार्यकारी मंडळानें २०२० च्या खेळांतून कुस्ती वगळण्याची शिफारस केली, तेव्हां महासंघ खडबडून जागा झाला. अध्यक्षास पायउतार व्हावें लागलें, मे महिन्यांत मॉस्कोला नियम बदलले, तीन तीन मिनिटांचे दोन भाग आणि गुणांची एकत्र बेरीज असें ठरलें, आणि सप्टेंबरांत कुस्ती वांचली. आमच्या विद्यार्थ्याच्या भाषेंत सांगावयाचें तर हा पॅच वेळेवर आला नसता तर खेळच बंद पडला असता. त्या नव्या बेरजेचा लाभ २०१६ सालीं रिओला भारतासही झाला. साक्षी मलिक पहिल्या भागाअखेर ०-५ अशी मागें होती. शेवटच्या क्षणांत ती ८-५ अशी जिंकली. मागील नियमाप्रमाणें तिला पुढचे दोन्ही भाग वेगवेगळे जिंकावे लागले असते.

तेव्हां नियम बदलूं नयेत असें म्हणणारा मी नव्हे. माझा आक्षेप दुसऱ्याच जागीं आहे. गादीचे नियम महासंघ हवे तसे बदलूं शकतो, परंतु मातीवर त्याचा हुकूम चालत नाहीं. कोल्हापूरच्या गंगावेस किंवा मोतीबाग तालमींत उद्यां सकाळीं दोन पोरांनीं १९१२ च्या रीतीनें कुस्ती खेळावयाचें ठरविलें तर त्यांना कोणाचीही परवानगी नको. 'महाराष्ट्र केसरी' स्पर्धेंत तर माती आणि गादी असे दोन विभागच आहेत. दोन्ही विभागांचे विजेते अखेर एकमेकांस भिडतात. दोन आवृत्त्या एकमेकींसमोर उभ्या! सुपर टर्बोमधला जुना सगॅट आणि नवा रियू यांची आठवण मला या लढतीच्या वेळीं होते, हें लिहिण्यास संकोच वाटतो, पण होते खरी. ती अखेरची लढत गादीवर होते, आणि तें बरें कीं वाईट यावर कोल्हापुरांत दोन पक्ष आहेत.

माझ्या विद्यार्थ्याला हें स्वातंत्र्य नाहीं. खेळाची तबकडी त्याच्या कपाटांत आहे, तिची पावती आहे; पण दूरच्या प्रतिस्पर्ध्याशीं खेळावयाचें तर दुरुस्ती स्वीकारलीच पाहिजे, आणि एकदां ती स्वीकारली कीं मागची आवृत्ति परत मागण्याची सोय नाहीं. मागचा ठोसा आतां जगांत कोठेंच नाहीं. कित्येकदां तर सबंध खेळच दुकानांतून नाहींसा होतो. 'अल्टिमेट मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम ३' मध्यें एका कंपनीचे योद्धे दुसरीनें करारानें घेतले होते. करार संपला आणि २०१३ च्या डिसेंबरांत तो खेळ पुरवण्यांसह इंटरनेटवरील दुकानांतून उतरविला गेला. ज्यांनीं घेतला होता त्यांचा राहिला, नव्यानें कोणास घेतां येईना. तीन वर्षांनीं तो परत आला, पण तोही करार पुन्हा जुळला म्हणून. याच्याशीं तुलना केली तर १९९१ च्या त्या चुकांनीं भरलेल्या चिपा भाग्यवान् म्हणावयाच्या. त्या चालू आहेत तोंवर गाइलची चूकही चालू आहे, आणि फुनामिझु यांना अनपेक्षितपणें सांपडलेली ती जोडमारही.

खेळणाऱ्यांना हें कळत नाहीं असें नाहीं. सुपर टर्बोच्या स्पर्धा तीस वर्षांनंतरही भरत राहिल्या. १९९९ सालच्या 'थर्ड स्ट्राइक' ला पुढें फारशी दुरुस्ती मिळाली नाहीं. त्यांतील दोनतीन योद्धे उघड उघड सर्वांहून बलवान् आहेत, आणि सर्वांना तें ठाऊक आहे. तरी अमेरिकेंतील 'इव्हो' या सर्वांत मोठ्या स्पर्धेच्या २०२४ च्या मुख्य यादींत नव्या खेळांच्या शेजारीं त्याला स्थान मिळालें. कोणीं दुरुस्त केला नाहीं म्हणून त्याचा अभ्यास पंचवीस वर्षें सलग होऊं शकला, असें म्हणण्यास हरकत नसावी. तालमींतल्या एखाद्या जुन्या डावाचेंही असेंच असतें; त्यावरचा तोड पिढीपिढीनें निघतो, आणि तोडावरचा तोड पुढच्या पिढींत.

माती, गादी आणि पडदा यांपैकीं दोघांची गांठ २०२३ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरांत हांगझौच्या आशियाई खेळांत पडली. तेथें गादीवरची कुस्ती होती आणि प्रथमच पदकासाठीं व्हिडिओ खेळ होते; त्यांत 'स्ट्रीट फायटर ५' होता. भारताचेही दोन खेळाडू त्यांत उतरले होते. त्या वर्षींच्या जूनमध्येंच 'स्ट्रीट फायटर ६' बाजारांत आलेला होता, आणि जगांतील बहुतेक नामांकित खेळाडूंनीं पाचव्याची संवय मोडून सहाव्याची लावून घेण्यास आरंभ केला होता. हांगझौसाठीं त्यांतल्या कित्येकांना पुन्हा मागें वळावें लागलें. सुवर्णपदक दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वू यांनीं मिळविलें. त्यांचें वय ४४ होतें. नाण्याच्या यंत्रांच्या काळांत ते शाळकरी मुलगे होते.